फी माफ झाली, पण क्लिनिकलचं काय?

गेल्या दहाबारा वर्षांत अमेरिकेत एकामागून एक राज्यं कम्युनिटी कॉलेजची, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजची, फी माफ करतायत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, हे आधीच सांगून टाकते. टेनेसीने २०१४ मध्ये कायदा केला, २०१५ च्या फॉलला पहिली बॅच फी न भरता वर्गात बसली, २०१८ मध्ये तिथेच मोठ्या वयाच्या लोकांसाठी वेगळी योजना आली, २०२१ मध्ये मिशिगन, २०२३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने पंचविशीच्या वरच्यांना आणि २०२४ मध्ये सगळ्यांनाच सवलत दिली, आणि २०२५ च्या फॉलपासून न्यूयॉर्कने २५ ते ५५ वयाच्या लोकांना ठरावीक विषयांसाठी फी माफ केली, ज्यात नर्सिंग आणि अलाइड हेल्थ (एक्स-रे, लॅब, रेस्पिरेटरी अशी डॉक्टर-नर्सखेरीजची कामं) दोन्ही येतात. प्रत्येक वेळी बातमी तीच असते, की आता हॉस्पिटलांना माणसं मिळतील.

मी स्वतः कम्युनिटी कॉलेजातून रेडिओग्राफी केलीय, आता हॉस्पिटलमध्ये एक्स-रे टेक म्हणून काम करते आणि कॉलेजचे विद्यार्थी क्लिनिकलला माझ्यासोबत असतात. त्यामुळे माझं म्हणणं सरळ आहे. हे सगळे पैसे या शिक्षणाच्या सगळ्यात स्वस्त भागावर खर्च होतायत. महाग भाग आहे तो क्लिनिकलचा, हॉस्पिटलमध्ये बिनपगारी काढायच्या शेकडो तासांचा, आणि त्याचा खर्च आज विद्यार्थ्याच्या घरातून निघतो. डॉक्टरांच्या ट्रेनिंगसाठी मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः म्हाताऱ्यांचा केंद्र सरकारी आरोग्य विमा, जसं हॉस्पिटलांना पैसे देतं तसे या मुलामुलींसाठीही द्यायला पाहिजेत, आणि ते कॉलेजमार्फत त्यांच्या हातात पडले पाहिजेत.

ज्यांचा या सगळ्याशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जाते. अमेरिकेतलं पहिलं सरकारी टू-इयर कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएटला १९०१ मध्ये सुरू झालं, तेव्हा त्याला ज्युनिअर कॉलेजच म्हणायचे. कम्युनिटी कॉलेज हे नाव रुळलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर, अध्यक्ष ट्रूमननी उच्च शिक्षणावर नेमलेल्या कमिशनच्या १९४७ च्या रिपोर्टपासून. आणि हेल्थकेअर तिथे खऱ्या अर्थाने आलं ते मिल्ड्रेड माँटॅग यांच्यामुळे, त्यांनी १९५१ मध्ये कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजमधल्या आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडलं की नर्स दोन वर्षांत कॉलेजमध्ये तयार होऊ शकते, हॉस्पिटलच्या वसतिगृहात तीन वर्षं राबायची गरज नाही. १९५२ मध्ये प्रयोग सुरू झाला आणि तो इतका यशस्वी झाला की आज दोन वर्षांची डिग्री घेतलेली नर्स आणि चार वर्षांची घेतलेली नर्स लायसन्सची एकच एनक्लेक्स परीक्षा देतात आणि त्यांना एकच आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं, लायसन्स मिळतं.

नर्सिंगच्या मागोमाग बाकीचे विषय आले. रेडिओग्राफी, रेस्पिरेटरी थेरपी, डेंटल हायजिन, सोनोग्राफी, सर्जिकल टेक, मेडिकल लॅब, फिजिकल थेरपी असिस्टंट, ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंट, पॅरामेडिक. पेशंटला डॉक्टर पाच मिनिटं भेटतो, बाकी सगळा वेळ ही माणसं भेटतात. छातीचा फोटो, रक्ताचा रिपोर्ट, व्हेंटिलेटरचं सेटिंग, ऑपरेशनच्या टेबलावरची हत्यारं, यातलं एकही काम थांबलं तर डॉक्टर असून नसल्यासारखा. आणि पगारही चांगले आहेत. सरकारी लेबर ब्युरोचे २०२३ चे मध्यक आकडे बघा, डेंटल हायजिनिस्ट वर्षाला ८७ हजार डॉलरच्या वर, सोनोग्राफर ८४ हजार, रेस्पिरेटरी थेरपिस्ट जवळपास ७८ हजार. दोन वर्षांच्या डिग्रीवर इतका पगार देणारी क्षेत्रं फार नाहीत.

आपल्या मराठी मंडळींमध्ये मात्र कम्युनिटी कॉलेज म्हटलं की आवाज जरा खाली येतो. मुलगा तिथे जातो हे लोकांना सांगताना "दोन वर्षांनी ट्रान्सफर घेणारे" हे शेपूट जोडलंच जातं. पण त्याच मंडळींमधल्या कितीतरी बायका नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडून मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर इथे आल्या, हातात बीडीएस किंवा बीपीटी किंवा मायक्रोबायोलॉजीची एमएससी, आणि इथे ती चालत नाही म्हणून त्यांनी याच कॉलेजात नव्याने सुरुवात केली. त्या डिग्रीमुळे त्यांना पेल ग्रँट, म्हणजे बेताच्या परिस्थितीतल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार देतं ती मदत, तशीही मिळत नाही, न्यूयॉर्कची नवी योजना सुरू झाली तीही ज्यांच्याकडे आधीची डिग्री नाही त्यांच्यासाठीच, आणि काम करण्याची परवानगी काही एच-फोरवाल्यांना मिळायला लागली ती सुद्धा २०१५ पासून. या बायकांबरोबर मी वर्गात बसलेय. त्यांच्याकडे बुद्धीची किंवा जिद्दीची कमी नव्हती. ज्यांचं सुटलं त्यांचं क्लिनिकलच्या वेळापत्रकात सुटलं, अॅनाटॉमीत कोणीच सोडलं नाही.

आता फीचं गणित बघू. सरकारी टू-इयर कॉलेजची फी, स्वतःच्या डिस्ट्रिक्टमध्ये राहणाऱ्याला, देशभरात सरासरी वर्षाला चार हजार डॉलरच्या आसपास पडते. कमाल पेल ग्रँट आहे ७,३९५ डॉलर. म्हणजे ज्याची घरची परिस्थिती खरोखर बेताची आहे त्याची फी बहुतेक राज्यांत आधीपासूनच निघत होती, वर पुस्तकांना पैसे उरत होते. फी माफीने मध्यमवर्गाला फायदा झाला, भीती गेली, कॉलेजला जाऊन चौकशी करणाऱ्यांची संख्या वाढली, हे सगळं चांगलंच झालं. पण रांग वाढली आणि दार तेवढंच राहिलं.

कारण अलाइड हेल्थमध्ये कॉलेजात ॲडमिशन मिळणं आणि प्रोग्रॅममध्ये ॲडमिशन मिळणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कॉलेज सगळ्यांना घेतं. प्रोग्रॅम घेत नाही. आधी प्रीरेक्स, म्हणजे प्रवेशाआधीचे सक्तीचे विषय, करायचे, ए अँड पी (अॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी) एक आणि दोन, मायक्रो, गणित, इंग्लिश, मग टीईएएस नाहीतर हेसीची प्रवेश परीक्षा, मग ग्रेडचे पॉइंट्स मोजून यादी लागते, कुठे लॉटरी असते, कुठे वेटलिस्ट. नोकरी सांभाळून पार्ट टाइम प्रीरेक्स करायचे तर त्यातच दीड-दोन वर्षं जातात, आणि बऱ्याच कॉलेजांत सायन्सचे क्रेडिट पाच किंवा सात वर्षांनी शिळे होतात, म्हणजे मध्ये बाळंतपण किंवा आईवडिलांचं आजारपण आलं की ए अँड पी पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षांची डिग्री म्हणतात ती प्रत्यक्षात चार वर्षांची होते.

सीट एवढ्या कमी का, हा प्रश्न मला प्रत्येक पालक विचारतो. लोकांना वाटतं कॉलेजकडे वर्ग नाहीत किंवा कॉलेजला मुद्दाम कमी ठेवायच्यात. खरं कारण हॉस्पिटलमध्ये आहे. रेडिओग्राफीच्या प्रोग्रॅमला मान्यता देणाऱ्या संस्थेचा, जेआरसीईआरटीचा, नियम आहे की क्लिनिकलमध्ये एका टेकमागे एकच विद्यार्थी. हा नियम योग्य आहे, मी त्याच्या बाजूने आहे, कारण रेडिएशनचं काम आहे आणि विद्यार्थ्याचा फोटो बिघडला तर रिपीट घेताना टेकने शेजारी उभं राहिलंच पाहिजे, नाहीतर पेशंटला दुप्पट डोस. पण मग एखाद्या हॉस्पिटलमध्ये सकाळच्या शिफ्टला सहा टेक असतील तर सहाच विद्यार्थी, त्यातले दोन टेक नवीन असतील तर चार, एकजण सुट्टीवर तर तीन. त्याच तीन जागांसाठी शेजारच्या काउंटीचं कॉलेज, एक प्रायव्हेट करिअर कॉलेज आणि एक युनिव्हर्सिटी, सगळे हॉस्पिटलचे दार ठोठावतात. क्लिनिकलची जागा ही विकत घेता येणारी गोष्ट आहे हे लोकांना माहीत नसतं. २००७ मध्ये कॅरिबियनमधल्या एका मेडिकल स्कूलने न्यूयॉर्क शहराच्या सरकारी हॉस्पिटलांशी आपल्या विद्यार्थ्यांच्या जागांसाठी दहा वर्षांचा करार केला, दहा कोटी डॉलरपर्यंतचा. काउंटीचं कॉलेज या लिलावात कुठून उतरणार.

आणि ज्याला सीट मिळाली त्याचं पुढे काय होतं ते सांगते, कारण हा भाग कुठल्याच माहितीपत्रकात नसतो.

पहिल्या सेमिस्टरला आठवड्यातले दोन दिवस क्लिनिकल असतं, शेवटच्या वर्षात तीन, कधी चार. सकाळी साडेसहा-सात वाजता हजर व्हायचं, आणि हॉस्पिटल कुठलं ते कॉलेज ठरवणार, ते घरापासून दहा मैलांवर असेल किंवा पन्नास. शिफ्टभर पायावर. पोर्टेबल मशीन ढकलत आयसीयूत जायचं, ट्यूब आणि लाइन्सच्या जंजाळात पेशंटच्या पाठीखाली प्लेट सरकवायची, ओआरमध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सी-आर्म हे फिरतं एक्स-रे मशीन धरून शिशाचा एप्रन घालून दोन-दोन तास उभं राहायचं, ईआरमध्ये, म्हणजे इमर्जन्सीत, दारू प्यायलेल्या माणसाचा मोडलेला खांदा दोन अँगलने घ्यायचा आणि तो ओरडत असताना त्याच्याशी नीट बोलायचं. बोर्डाच्या परीक्षेला बसण्याआधी पन्नासच्या आसपास प्रोसिजरमध्ये कॉम्प दाखवावी लागते, म्हणजे ती नीट जमते हे करून दाखवावं लागतं, आणि त्यातली एखादी दुर्मीळ प्रोसिजर यायची वाट बघत मुलं जादा थांबतात. जेआरसीईआरटीनेच वर्ग आणि क्लिनिकल मिळून आठवड्याला ४० तासांची मर्यादा घातलीय. विचार करा, मर्यादा घालावी लागली ती ४० ची. म्हणजे ही पूर्ण वेळची नोकरीच झाली, फक्त पगार नाही.

मग घर कसं चालतं? माझ्याकडे येणाऱ्यांतले बरेच जण रात्री कुठेतरी काम करतात. वेअरहाऊस, नर्सिंग होममध्ये सीएनए, म्हणजे नर्सचे मदतनीस, हॉटेलचं फ्रंट डेस्क, उबर. रात्री अकरा ते पाच काम करून सात वाजता आलेला माणूस मी ओळखू शकते, तो पेशंटचं नाव आणि जन्मतारीख दोनदा विचारतो, कारण एकदा विचारल्याचं त्याच्या डोक्यातून गेलेलं असतं. त्याच्यावर मला राग येत नाही, मला भीती वाटते, त्याच्यासाठी आणि पेशंटसाठी. आणि तिसऱ्या सेमिस्टरला एके दिवशी तो येत नाही. कॉलेजच्या कागदावर लिहितात "वैयक्तिक कारण". त्याची सीट मग रिकामीच राहते, कारण एकत्र सुरू झालेल्या बॅचमध्ये मधूनच कुणाला घेता येत नाही. त्या एका सीटसाठी वेटलिस्टवर किती जण थांबले होते हे आठवलं की पोटात तुटतं.

ज्यांचं टिकतं त्यांच्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी असतं. नवऱ्याचा पगार, आईवडिलांचं घर, मुलांना सांभाळणारी आजी. ज्यांच्यामागे कोणी नाही, आणि खरं तर ज्यांच्यासाठी कम्युनिटी कॉलेज काढलं, ते गळतात. आणि मग आपण म्हणतो की या मुलांमध्ये चिकाटी नाही. मला हे वाक्य ऐकवत नाही.

आता पैशांच्या मूळ मुद्द्यावर येते. १९६५ मध्ये मेडिकेअर आलं तेव्हा काँग्रेसच्या समितीच्या रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की हॉस्पिटलं इंटर्न आणि रेसिडेंट डॉक्टरांना, नर्सेसना आणि इतर पॅरामेडिकल लोकांनाही शिकवतात, या शिकवण्याने उपचारांचा दर्जा सुधारतो, आणि समाज जोपर्यंत या खर्चाची दुसरी काही सोय करत नाही तोपर्यंत त्यातला योग्य तो वाटा मेडिकेअरने उचलावा, शिकणाऱ्यांच्या स्टायपेंडसकट. स्टायपेंड हा शब्द तिथे आहे. नर्स आणि पॅरामेडिकल तिथे आहेत. म्हणजे मी काही नवीन मागणी करत नाहीये, साठ वर्षांपूर्वीचंच आठवण करून देतेय.

पुढे झालं असं की डॉक्टरांचं ट्रेनिंग हॉस्पिटलमध्येच राहिलं, त्यामुळे पैसेही राहिले. आज मेडिकेअर रेसिडेंट डॉक्टरांच्या ट्रेनिंगसाठी दरवर्षी अब्जावधी डॉलर हॉस्पिटलांना देतं, १९९७ च्या कायद्याने जागांवर कॅप घातली तरी आकडा मोठाच आहे, आणि रेसिडेंटला पगार मिळतो. तो कमी आहे अशी त्यांची तक्रार असते आणि ती रास्त आहे, पण मिळतो. नर्सिंग आणि अलाइड हेल्थचं शिक्षण मात्र याच काळात हॉस्पिटलच्या स्वतःच्या शाळांमधून निघून कॉलेजात गेलं, माँटॅगबाईंनी दाखवलेल्या वाटेने, आणि ते चांगल्यासाठीच गेलं, कारण जुन्या हॉस्पिटल स्कूलमध्ये मुलींना शिक्षणाच्या नावाखाली वॉर्डात राबवून घ्यायचे. पण मेडिकेअरचा नियम तिथेच राहिला. नर्सिंग आणि अलाइड हेल्थसाठी मेडिकेअर आजही पैसे देतं, फक्त प्रोग्रॅम हॉस्पिटलने स्वतः चालवलेला हवा. कॉलेजने चालवलेला असेल आणि मुलं त्याच हॉस्पिटलच्या त्याच मजल्यावर त्याच मशीनवर शिकत असतील, तर अगदी थोडे जुने अपवाद सोडले तर काही नाही. विद्यार्थी कॉलेजात गेले, पैसे हॉस्पिटलच्या गेटवर थांबले, आणि मधल्या खड्ड्यात गेली पन्नास-साठ वर्षं विद्यार्थी स्वतःचं घर गहाण टाकून उभे आहेत.

हा नियम बदलला पाहिजे. कॉलेजच्या प्रोग्रॅमच्या क्लिनिकल तासांनाही मेडिकेअरचा पैसा लागू झाला पाहिजे आणि तो दोन ठिकाणी गेला पाहिजे. एक, विद्यार्थ्याला स्टायपेंड, निदान राज्याच्या किमान वेतनाइतका. दोन, प्रिसेप्टरला, म्हणजे जी व्यक्ती आपलं काम सांभाळून शिकवते तिला, आणि तिच्या जागी थोडा वेळ दुसरा माणूस लावता यावा म्हणून डिपार्टमेंटला. आज शिकवण्यासाठी कुठे थोडे जास्त पैसे मिळतात, बऱ्याच ठिकाणी काहीच नाही. मी शिकवते कारण मला आवडतं आणि मलाही कोणीतरी शिकवलं होतं. पण शिकवताना मी हळू होते, वर्कलिस्ट लांबते, सुपरवायझर घड्याळाकडे बघतो, आणि माझ्या डिपार्टमेंटमधले चांगले चांगले टेक म्हणतात यंदा नको मला विद्यार्थी, मी दमलोय. त्यांनी नाही म्हटलं की कॉलेजची एक सीट गेली. एवढं सरळ आहे ते.

हे होऊ शकतं का? एकदा झालंय. अफोर्डेबल केअर ॲक्टमध्ये एक प्रयोग होता, २०१२ पासून पाच हॉस्पिटलांच्या गटांना, ड्यूक, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचं हॉस्पिटल, रश वगैरे, मेडिकेअरने प्रगत नर्सिंगच्या क्लिनिकल ट्रेनिंगसाठी पैसे दिले, आणि त्यातलं बरंच ट्रेनिंग हॉस्पिटलच्या बाहेर वस्तीतल्या क्लिनिकमध्ये झालं. शाळा युनिव्हर्सिटीची, पैसे मेडिकेअरचे, आणि भाग घेतलेल्या शाळांमधून बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढली. मुदत संपली, प्रयोग बंद झाला. तो मास्टर्सच्या पातळीवरचा होता, पण नळ तसाच जोडून दोन वर्षांच्या प्रोग्रॅमकडे वळवायला काय हरकत आहे? अलाबामात दुसऱ्या बाजूने सुरुवात झालीय, तिथे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना अप्रेंटिस म्हणून परमिट देण्याची सोय केली गेली आणि कोस्टल अलाबामा कम्युनिटी कॉलेजसारखी कॉलेजं हॉस्पिटलांबरोबर मिळून मुलांना पगार देत शिकवतायत, एका अनुभवी नर्सबरोबर जोडी लावून. जॉर्जियाने प्रिसेप्टरना टॅक्समध्ये सवलत दिली, देशात पहिल्यांदा, पण डॉक्टर, पीए (फिजिशियन असिस्टंट) आणि नर्स प्रॅक्टिशनरच्या विद्यार्थ्यांसाठी. एक्स-रे आणि लॅब त्यात नाहीत. आम्ही कधीच पहिल्या यादीत नसतो.

माझ्याच क्षेत्रातले काही जण यावर एक आक्षेप घेतात आणि तो मी गंभीरपणे घेते. ते म्हणतात, पैसे आले की हॉस्पिटल विद्यार्थ्याला स्वस्त कामगार समजणार, शिकवणं बाजूला आणि एकट्याला पोर्टेबल काढायला पाठवणार. काही मान्यता संस्थांचे नियम याच भीतीने विद्यार्थ्याला क्लिनिकलच्या तासांचा मोबदला घ्यायलाच मनाई करतात, रेस्पिरेटरीत असं आहे. भीती खरी आहे, हॉस्पिटल स्कूलचा इतिहास तोच आहे. म्हणूनच मी म्हणते पैसे हॉस्पिटलच्या पगाराच्या यादीतून येऊ नयेत, कॉलेजमार्फत यावेत, स्कॉलरशिपसारखे, आणि स्टाफच्या मोजणीत विद्यार्थी धरायचा नाही हा नियम तसाच कडक राहावा. आणि खरं सांगू का, आज बिनपगारी असतानाही विद्यार्थ्याला वापरून घेतात. माणसं कमी असलेल्या दिवशी शेवटच्या सेमिस्टरचा मुलगा किती काम उचलतो ते आमच्या डिपार्टमेंटला विचारा. बिनपगारी ठेवल्याने शोषण थांबलंय असं मला तरी कुठे दिसलं नाही.

दुसरा आक्षेप येतो तो पैसे कुठून आणायचे. पैसे आत्ताही येतायत, फक्त वेगळीकडे जातायत. जुलै २०२५ मध्ये झालेल्या मोठ्या कायद्यात वर्कफोर्स पेल आलं, जुलै २०२६ पासून आठ ते पंधरा आठवड्यांच्या छोट्या कोर्सना पेल ग्रँट मिळणार. पूर्ण करणाऱ्यांचं आणि नोकरी मिळणाऱ्यांचं प्रमाण ७० टक्के हवं अशी अट आहे, ती चांगली आहे. पण आठ आठवड्यांत हेल्थकेअरमध्ये काय होता येतं? सीएनए, फ्लेबॉटॉमी म्हणजे रक्ताचे नमुने काढणं, असलं. फ्लेबॉटॉमिस्टचा २०२३ चा मध्यक पगार ४२ हजारांच्या आतच आहे, म्हणजे रेस्पिरेटरी थेरपिस्टच्या जवळपास निम्मा. या कामांना मी अजिबात कमी लेखत नाही, वॉर्ड त्यांच्यावरच चालतो. पण ती पहिली पायरी आहे असं सांगून मुलांना तिथे उभं करायचं आणि वरची पायरी बांधायचीच नाही हे बरोबर नाही. सीएनए म्हणून पाच वर्षं पेशंट उचललेल्या बाईला रेडिओग्राफीत त्यातल्या एका तासाचंही क्रेडिट मिळत नाही. ती पुन्हा शून्यापासून, पुन्हा बिनपगारी.

आणि एका बाजूला शॉर्ट कोर्स वाढतायत तर दुसऱ्या बाजूला डिग्री फुगतेय. न्यूयॉर्कने २०१७ मध्ये कायदा केला की नव्या आरएनने दहा वर्षांत बॅचलर करायचं. रेस्पिरेटरीच्या मान्यता संस्थेने २०१८ पासून नवीन प्रोग्रॅमना बॅचलरची अट घातली. फिजिकल थेरपी तर केव्हाच डॉक्टरेटवर गेली. जास्त शिकण्याला माझा विरोध नाही, पण मग कम्युनिटी कॉलेजला बॅचलर देऊ द्या. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये प्रायोगिक आणि २०२१ मध्ये कायमची परवानगी दिली, डेंटल हायजिन आणि रेस्पिरेटरीचे बॅचलर तिथे कम्युनिटी कॉलेजात होतात, आणि तरी २०२४ मध्ये नर्सिंगच्या बॅचलरचं बिल विधिमंडळातून पास होऊन गव्हर्नरच्या टेबलावर व्हेटो झालं. दोन वर्षांची डिग्री पुरे नाही म्हणायचं आणि त्याच कॉलेजला चार वर्षांची देऊ द्यायची नाही, मग आमच्यासारख्यांनी जायचं कुठे?

२०२० च्या मार्चमध्ये हॉस्पिटलांनी एका रात्रीत विद्यार्थ्यांना घरी पाठवलं, कारण मास्क पुरत नव्हते. त्याच आठवड्यांत देशाला पहिल्यांदा कळलं की व्हेंटिलेटर विकत आणता येतो पण तो चालवणारा माणूस विकत आणता येत नाही. तेव्हा टाळ्या वाजल्या. त्यानंतर फी माफ झाली. क्लिनिकलचे तास जिथे होते तिथेच आहेत.

मेडिकेअरचा नियम वॉशिंग्टनमध्ये बदलेल, त्याला वेळ लागेल आणि तिथे पत्रं लिहीत राहावं लागेल. पण बराच भाग आपल्या जवळ आहे आणि मराठी लोकांनी इथे लक्ष घालावं असं मला मनापासून वाटतं, ज्यांची घरं आहेत, जे प्रॉपर्टी टॅक्स भरतात आणि आता मतही देतात. इलिनॉय, कॅलिफोर्निया, टेक्सास अशा राज्यांत कम्युनिटी कॉलेजचे ट्रस्टी, म्हणजे कॉलेजचा कारभार बघणारं मंडळ, मतदानाने निवडले जातात आणि त्या निवडणुकीत मोजकी माणसं मत देतात. टेक्सासने २०२३ मध्ये कम्युनिटी कॉलेजच्या पैशांची पद्धतच बदलली, आता मुलांनी उपयोगाची डिग्री पूर्ण केली की कॉलेजला पैसे, आणि जास्त गरजेच्या क्षेत्रात जास्त. त्या जास्तीच्या पैशातून क्लिनिकलच्या मुलांना पेट्रोल, पाळणाघर आणि स्टायपेंड देता येतो, ट्रस्टींनी ठरवलं तर. नवीन हेल्थ सायन्स बिल्डिंगसाठी कर्ज काढायचा बाँड मतदानाला येतो तेव्हा आपण हो म्हणतो, बिल्डिंग छान होते, सिम्युलेशन लॅबमध्ये महागडे पुतळे येतात, आणि सीट तेवढ्याच राहतात. पुढच्या वेळी उमेदवार दाराशी आला की त्याला बिल्डिंगबद्दल विचारू नका. विचारा की तुमच्या रेडिओग्राफीत, रेस्पिरेटरीत, नर्सिंगमध्ये यंदा किती सीट आहेत, किती जण वेटलिस्टवर आहेत, सुरू केलेल्यांपैकी किती जणांनी तिसऱ्या सेमिस्टरला सोडलं, संध्याकाळची आणि वीकेंडची क्लिनिकल बॅच का नाही, आणि जे हॉस्पिटल काउंटीकडून टॅक्सची सूट घेतं ते तुमच्या किती विद्यार्थ्यांना जागा देतं. हे आकडे कॉलेजकडे असतात. आजवर कोणी मागितले नाहीत म्हणून ते फाइलमध्ये आहेत.